नरहरपंतांचा रुद्राक्ष कोण हलवतो?

दर गुरुवारी सकाळी कल्याणच्या पारनाक्याजवळच्या त्या आळीतून पाण्याची घागर घेऊन जायचं म्हणजे कसरतच होती. नरहरपंतांच्या ओटीपासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत माणसंच माणसं. भिवंडीकडून बैलगाड्यांनी आलेली, ठाकुर्ली-डोंबिवलीच्या खेड्यांतून पहाटे चालत निघालेली, ठाण्याहून आगगाडीने उतरलेली. हातात नारळ, डोळ्यांत पाणी, आणि डोकं बहुतेकांनी घरीच ठेवलेलं. कुणाची म्हैस आटली होती, कुणाचा जावई रुसला होता, कुणाला अपील करावं की तडजोड करावी ते कळत नव्हतं. या सगळ्यांवर त्या घरात एकच उतारा मिळत असे, आणि तो म्हणजे रेशमी दोऱ्याला बांधलेला एक रुद्राक्ष.

ओटीवर हरणाच्या कातड्यावर नरहरपंत बसत. समोर पाटावर तांब्याचं ताम्हन. ताम्हनाच्या काठाला पंतांच्या जवळच्या आणि समोरच्या बाजूला कुंकवाचे ठिपके, डावी-उजवीकडे भस्माचे. पंत दोरा चिमटीत धरून रुद्राक्ष ताम्हनावर अधांतरी सोडत आणि प्रश्न ऐकत. आधी रुद्राक्ष नुसता थरथरे, मग हळूहळू झोके घेऊ लागे. पुढे-मागे, कुंकवाकडून कुंकवाकडे गेला की होकार. आडवा, भस्माकडून भस्माकडे गेला की नकार. पंतांचा हात मात्र हलताना कुणाला दिसत नसे.

"बघा, बघा, डोळे फाडून बघा!" बळवंतराव ओरडत. "हात हलवील तो भोंदू, न हलवील तो सिद्ध! गोऱ्या साहेबाला आगगाडी हलवायला वाफ लागते. आमच्या महाराजांना फुंकरसुद्धा लागत नाही! बोला, नरहरी महाराज की जय!"

लोक बोलत. वाफेचा आणि रुद्राक्षाचा काय संबंध, असं कुणी विचारत नसे.

हे बळवंतराव पूर्वी कोर्टाच्या आवारात पक्षकार गाठून वकिलांकडे पोचवत. तिथून त्यांना हाकललं, तेव्हा त्यांनी तोच धंदा देवाच्या दारात मांडला. सकाळी ते रांगेतून फिरत, म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवत, बाईला "काय काकू, एवढ्या उन्हात?" असं मायेने विचारत आणि पाच मिनिटांत तिची सगळी कर्मकथा काढून घेत. मग तिची पाळी आली की पंतांच्या कानाशी वाकून म्हणत, "महाराज, ही माउली मोठ्या आशेने आली आहे." नाहीतर म्हणत, "महाराज, ही माउली मोठ्या चिंतेने आली आहे." आशेने आलेल्याला होकार मिळे, चिंतेने आलेल्याला नकार. वाहिलेले नारळ संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात परत जात आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा देवाला चढत.

एकदा मिठागरात काम करणारा काळुराम आला. "म्हाराज, माजी होरी वादलात गेली. मना परत मिलल का नाय?"

"मोठ्या आशेने आला आहे गरीब," बळवंतराव म्हणाले.

रुद्राक्ष कुंकवाकडे झुलला. "मिळेल," पंत म्हणाले. काळुरामने ताम्हनाला कपाळ लावलं. त्याची होडी खाडीच्या पलीकडच्या काठाला फुटून केव्हाच कुणाच्या तरी चुलीत गेली होती. पण हा बहाद्दर वर्षभर काठावर वाट बघत बसला, नवी होडी काही त्याने बांधली नाही. कौल होता ना!

माजघराच्या दाराआडून सगुणा हे सगळं बघत असे. ती नरहरपंतांची बायको. ताम्हन चिंचेने घासायचं, ठिपके लावायचे, कातडं झटकायचं ही तिची कामं. गर्दीचा तिला वीट आला होता आणि बळवंतरावांचा आवाज ऐकला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पण नवऱ्याला तिने कधी लबाड म्हटलं नाही, कारण तो लबाड नव्हता. तीच तर रड होती. लबाड असता तर तिने त्याला केव्हाच सरळ केला असता.

नरहरपंत आधी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांचा थोरला मुलगा बापू तापाने आजारी पडला. पुष्कळ दिवस अंगारे-धुपारे झाले, आणि पोर डोळे फिरवू लागलं तेव्हा कुठे त्याला ठाण्याच्या इस्पितळात नेला. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर पंतांना साधी बेरीज जमेना. अशात दारी आलेल्या एका गोसाव्याने त्यांना हा रुद्राक्ष दिला आणि म्हणाला, "याला विचार. हा खोटं बोलत नाही." पंतांनी दोरा धरला आणि विचारलं, "माझा बापू सुखात आहे ना?" रुद्राक्ष होकाराकडे झुलला. तो माणूस ओक्साबोक्शी रडला. सगुणाही रडली. बापाला दुसरं कुठलं उत्तर हवं असणार? पण ते उत्तर देतंय कोण, हे विचारायचं तेव्हा दोघांनाही सुचलं नाही.

पुढे शेजारणीची हरवलेली नथ झाली, कुणाची गाय झाली, मग बळवंतराव आले आणि नोकरी सुटली. पंतांची चाळशीही सुटली. त्रिकाळ बघणाऱ्याच्या नाकावर चाळशी बरी दिसत नाही, असं बळवंतरावांचं मत पडलं. चाळशीवाचून पंतांना समोरचं ताम्हन म्हणजे एक तांबूस गोळा दिसे. पण सवयीने सगळं चालत होतं. "मी कोण?" ते हात जोडून सांगत. "मी नुसता दोरा धरतो. मनात माझी म्हणून इच्छा ठेवतच नाही." आणि खरंच त्यांना तसं वाटे. स्वतःच्या मनात काय चाललंय याचा पत्ता नसलेला हा गृहस्थ दर गुरुवारी शेकडो लोकांना वाट दाखवत होता.

दिवाळी झाली आणि त्यांच्या मुलीच्या, आवडीच्या, मांडीला गळू झालं. आवडी आठ वर्षांची. आधी नुसतं दुखे, मग मांडी टरटरून फुगली, गुडघा सरळ होईना, ताप उतरेना. आळीतले वैद्यबुवा आले, त्यांनी बोटाने दाबून पाहिलं आणि लेपाची वाटी परत पिशवीत ठेवली.

"पू खोल आहे," ते म्हणाले. "माझ्या लेपाने बाहेर यायचा नाही. ठाण्याला सरकारी डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून चिरा देऊन घ्या. उशीर केलात तर पाय जाईल, आणि पायावर भागलं तर नशीब समजा."

वैद्यबुवांची पाठ वळताच पंतांनी दोरा काढला. "आवडीला ठाण्याला न्यावं का?" रुद्राक्ष भस्माकडे झुलला. पंतांनी कपाळ पुसलं आणि पुन्हा विचारलं. पुन्हा भस्म.

"कौल नाही," ते म्हणाले.

"अहो, पण वैद्यबुवा स्वतः सांगून गेले."

"वैद्यबुवांना पुढचं दिसतं का? याला दिसतं."

"याला डोळे कुठे आहेत?"

"अगं, तोंड सांभाळ!" पंत ओरडले, आणि लगेच त्यांचा आवाज खाली आला. "मला का तिची काळजी नाही? मी माझ्या मनाने हलवला असता तर होकाराकडेच हलवला नसता का?"

सगुणा दोन रात्री आवडीच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या बदलत बसली.

तिसऱ्या सकाळी गुरुवार. डोळ्यांत झोप, अंगात कणकण, आत पोर कण्हतंय, आणि बाहेर बळवंतरावांची "जय" सुरू झालेली. सगुणाने घाईघाईने ताम्हनाला ठिपके लावले आणि ते पाटावर ठेवून आत धावली. त्या घाईत ते आडवं ठेवलं गेलं. कुंकू डावी-उजवीकडे, भस्म पुढे-मागे.

पहिली पाळी कमळाबाईंची. त्यांना मुलाला मुंबईला एका छापखान्यात शिकायला धाडायचं होतं. "मोठ्या आशेने आल्या आहेत," बळवंतरावांनी सांगितलं. रुद्राक्ष थरथरला आणि पुढे-मागे झोके घेऊ लागला.

"होकार," पंत म्हणाले. "खुशाल पाठवा."

कमळाबाई वाकल्या, पुन्हा वाकल्या. "महाराज, पण हा तर भस्मावर चाललाय."

पंत डोळे बारीक करून त्या तांबूस गोळ्याकडे बघू लागले. पण बळवंतराव असल्या वेळी गोंधळणारे नव्हते.

"अहो, ग्रहण जवळ आलंय!" ते गरजले. "ग्रहणाच्या पंधरवड्यात कौल उलटा घ्यायचा असतो. शास्त्र आहे ते!"

"हो, हो, असतो उलटा," मागून दोन-चार जण म्हणाले. त्यांनी ते शास्त्र त्याच क्षणी पहिल्यांदा ऐकलं होतं. कमळाबाई समाधानाने उठल्या.

दाराआड सगुणाची झोप मात्र खाडकन उडाली. ताम्हन आडवं झालं हे तिला दिसत होतं. नवऱ्याला ते दिसलं नव्हतं. पण रुद्राक्षालाही दिसू नये? नवऱ्याला जिथे कुंकू आहे असं वाटत होतं तिथे तो गेला. कुंकू खरंच जिथे होतं तिथे गेला नाही.

दुपारी बैठक उठली, पंत जेवून जरा आडवे झाले. तेव्हा सगुणाने देवघरातला रुद्राक्ष उचलला, स्वयंपाकघरात ताम्हन पुढे घेऊन बसली, दोरा चिमटीत धरला आणि मनात म्हटलं, कुंकू. हात तिने अगदी घट्ट धरला होता. रुद्राक्ष थरथरला, आणि चालू लागला. कुंकवाकडे! सगुणाच्या अंगावर काटा आला. तिने मनात म्हटलं, भस्म. तो घुटमळला, गोल फिरला आणि भस्माकडे वळला. क्षणभर तिला वाटलं, आपल्यालाही सिद्धी आली की काय! एवढी स्वस्त सिद्धी बघून तिला हसूही आलं.

मग तिने विचारलं, "आवडीला ठाण्याला न्यावं का?" रुद्राक्ष कुंकवाकडे असा झेपावला की ताम्हनाच्या काठावर आपटला.

सगुणा त्याच्याकडे बघत राहिली. रुद्राक्ष तोच, प्रश्न तोच, मुलगी तीच. तिच्या हातात होकार आणि नवऱ्याच्या हातात नकार. तिने दोरा भिंतीतल्या खुंटीला टांगला, खाली ताम्हन धरलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. रुद्राक्ष जागचा हलला नाही. खुंटीला काही नकोच होतं.

तिला नवऱ्याला उठवून सांगता आलं असतं. पण एकट्या नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. संध्याकाळी बळवंतरावांनी कानाशी लागून पुन्हा त्याला महाराज केला असता. आत आवडी आता हाकेला ओ देत नव्हती. सगुणाने ठरवलं आणि ती उठली.

तिसऱ्या प्रहरी बैठक पुन्हा भरली तेव्हा माजघराचं दार उघडलं आणि आवडीला खांद्यावर घेऊन सगुणा सरळ ओटीवर आली. नवऱ्याच्या बैठकीत परक्या पुरुषांसमोर त्या आळीतली कुणी घरची बाई अशी कधी आली नव्हती. कौल मागायला येणाऱ्यांच्या जागेवर ती बसली आणि मुलीला तिने शेजारी निजवलं.

"वहिनी, हे काय?" बळवंतराव पुढे आले. "आत जा आधी!"

"कौल मागायला आलेय. नारळ घरचाच आहे." तिने नारळ ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. "कौल द्यायला देवाला तुमचे डोळे लागतात का?"

"छे," पंत गोंधळून म्हणाले. "माझं त्यात काहीच नसतं."

"मग डोळे बांधते."

"हा महाराजांचा अपमान आहे!" बळवंतराव किंचाळले.

"बांधू दे तिला," पंत म्हणाले. "मी काही लपवत नाही." हे बोलताना त्यांचा चेहरा अगदी स्वच्छ होता. पण तिने उपरणं त्यांच्या डोळ्यांवरून दोनदा गुंडाळलं आणि मागे गाठ मारली. मग ओठांवर बोट ठेवून तिने गर्दीकडे बघितलं आणि या खेपेला सरळ ठेवलेलं ताम्हन सगळ्यांदेखत हळूच आडवं फिरवलं.

"आत्ता दिवस आहे का?" तिने मोठ्याने विचारलं.

रुद्राक्ष थरथरला. सवयीप्रमाणे पुढे-मागे झोके घेऊ लागला. पुढे-मागे आता भस्म होतं.

"होकार," उपरण्याआडून पंत म्हणाले.

"नाय वं म्हाराज!" पुढे बसलेला काळुराम म्हणाला. "यो तं नाय म्हनतंय. यो म्हनतंय रात हाय!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"बळवंतरावांना मिशा आहेत का?" सगुणाने विचारलं.

रुद्राक्ष पुन्हा भस्माकडून भस्माकडे. बळवंतरावांचा हात नकळत मिशांकडे गेला आणि ओटीवर हशा पिकला.

"ग्रहण!" बळवंतराव ओरडले. "सांगितलं ना सकाळी, उलटा घ्यायचा!"

"ग्रहणात बळवंतरावांच्या मिशा गळतात होय?" कमळाबाई म्हणाल्या. सकाळी याच बाईने तेच ग्रहण मुकाट गिळलं होतं. पण माणसाला एकदा हसू फुटलं की अक्कलही जरा जागी होते.

"ताम्हन फिरवलंय हिने! कपट आहे हे!"

"फिरवलं," सगुणा म्हणाली. "तुम्हा सगळ्यांसमोर फिरवलं. इथल्या शेंबड्या पोरालाही दिसलं. मग भूत-भविष्य बघणाऱ्या रुद्राक्षाला समोरचं ताम्हन दिसू नये?"

तिने पंतांच्या डोळ्यांवरचं उपरणं सोडलं आणि कमरेला खोचलेली चाळशी काढून त्यांच्या नाकावर ठेवली. पंतांनी ताम्हन बघितलं, भस्माचे ठिपके बघितले, आपल्या चिमटीकडे बघितलं.

"पण मी हलवत नाही," ते म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो, मी हलवत नाही."

"तुम्ही हलवता हे तुम्हालाच कळत नाही. मनात उत्तर आलं की ते बोटांत उतरतं. बोट केसाएवढं हलतं, ते ना तुम्हाला कळतं ना बघणाऱ्याला. पण खाली एवढा लांब दोरा आहे. त्या केसभर हालचालीचा खाली वीतभर झोका होतो. मी दुपारी करून बघितलं. मलाही आला. या, कमळाबाई, तुम्ही धरा."

कमळाबाईंनी दोरा धरला. "मनात कुंकू म्हणा, आणि हात अजिबात हलवू नका," सगुणा म्हणाली. रुद्राक्ष कुंकवाकडे निघाला. "अगं बाई!" कमळाबाई किंचाळल्या आणि दोरा टाकून उठल्या. मग काळुरामने धरला. त्याच्याही हातात झुलला. लोक एकमेकांना ढकलत पुढे येऊ लागले. इतके दिवस एका महाराजाला लोटांगण घालणारी ओटी महाराजांनी भरून गेली. शेवटी सगुणाने दोरा ओटीच्या तुळईतल्या खिळ्याला टांगला. "विचारा आता काय हवं ते." कुणी पाऊस विचारला, कुणी खटला विचारला. रुद्राक्ष ढिम्म.

"अहो, खिळ्यात कुठली शक्ती असणार?" बळवंतरावांनी शेवटचा हात मारला. "शक्ती महाराजांच्या हातात आहे!"

"तेच म्हणतेय मी," सगुणा म्हणाली. "हातातच आहे."

बळवंतरावांनी काढता पाय घेतला. जाताना नारळांचं पोतं न्यायला ते विसरले नाहीत.

सगुणा आवडीचं डोकं मांडीवर घेऊन नवऱ्यासमोर बसली. मुलीचा श्वास जोरात चालला होता. "आता मुलीचं विचारा," ती म्हणाली. "रुद्राक्षाला नको. स्वतःला विचारा. तुम्ही 'नको' का म्हणालात?"

"मी 'नको' म्हटलंच नाही. मला तर ती बरी व्हायला..." पंतांनी चाळशी काढली, पुसली, पुन्हा लावली. "बापूला नेला होता तिथे," ते हळू आवाजात म्हणाले. "पायऱ्या चढताना माझ्या गळ्याला हात टाकून होता. उतरताना... त्या पायऱ्या मला पुन्हा चढायच्या नाहीत गं. मला भीती वाटते."

"तिथे नेला म्हणून बापू गेला नाही. उशिरा नेला म्हणून गेला. आपणच उशीर केला." सगुणाने आवडीच्या कपाळावरचा घाम पुसला. "मलाही भीती वाटते. माझाही जीव थाऱ्यावर नाही. पण माझ्या भीतीला मी कौल म्हणत नाही."

पंत उठले. हरणाच्या कातड्यावर पाय देऊन ते तिच्यापाशी आले आणि त्यांनी आवडीला उचललं. "गाडी केव्हा आहे?" त्यांनी विचारलं.

काळुराम स्टेशनापर्यंत न्यायला बैलगाडी बघायला धावला. संध्याकाळच्या गाडीने ती तिघं ठाण्याला पोचली. इस्पितळाच्या पायऱ्यांवर पंतांचे पाय अडखळले. सगुणाने त्यांच्या पाठीला हात लावला आणि ते चढले. डॉक्टर तरुण होते, त्यांच्या बाह्या दुमडलेल्या होत्या आणि हातांना कार्बोलिक साबणाचा वास येत होता. त्यांनी मांडी बघितली, क्लोरोफॉर्म दिला आणि चिरा दिला. भांडंभर पू निघाला.

"दोन दिवस आधी आणायला काय झालं होतं?" हात धूत डॉक्टरांनी विचारलं. "हाडापर्यंत पोचलंय."

"मी विचारत बसलो होतो," पंत म्हणाले.

आवडी वाचली. ताप उतरला, जखम भरत आली, तिला घरी आणलं. गुडघा मात्र पुरता सरळ होईना. भिंतीला हात लावून ती लंगडत चालू लागली.

ती घरी आल्यानंतरच्या गुरुवारी आळीत पुन्हा माणसं. निम्मी गर्दी कमी होती, कारण बळवंतरावांनी ठाण्यात टेंभी नाक्याजवळ नवा महाराज उभा केला होता. तो नारळाच्या पाण्यात भविष्य बघे, आणि नारळांची तर बळवंतरावांकडे ददात नव्हती. उरलेली गर्दी इथे ओटीखाली उभी राहून पंतांना हाका मारत होती. पंत बाहेर आले. नाकावर चाळशी, हात रिकामे.

"कौल बंद," ते म्हणाले. "मी तुम्हाला फसवलं. जाणूनबुजून नाही, पण फसवलं. तुमच्याविषयी माझ्या कानावर जे घातलं जायचं, तेच माझ्या बोटांतून खाली उतरायचं. देव त्यात कधीच नव्हता. काळुराम, तुझी होडी मिळेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवी बांधायला घे."

लोक चिडले. खोट्याबद्दल नव्हे, बंद केल्याबद्दल. "असं कसं, महाराज? आमची पाळी आज होती!" एकजण ओरडला. दुसरा, चांगला जरीच्या पागोट्याचा गृहस्थ, समजुतीच्या सुरात म्हणाला, "खोटं असेना का, पंत. माणसाला धीर यायचा. एवढं काय बिघडत होतं?"

"काय बिघडत होतं?" पंतांचा आवाज चढला. त्यांनी दाराकडे बोट केलं. भिंतीला धरून आवडी बाहेर येत होती. "हिला चालताना बघा. मलाही रुद्राक्षाने धीरच दिला होता. चिरा नको, इस्पितळ नको, असं गोड सांगून धीर दिला होता. मी तो घेत बसलो आणि आत हिचं हाड सडत होतं."

पागोटेवाल्याने मान फिरवली. दाराआड उभी असलेली सगुणा आता उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती.

आवडी बापाच्या धोतराला धरून उभी राहिली. खालची गर्दी बघून ती जरा बुजली, मग तिने वर बघितलं. "अप्पा, माझा पाय पहिल्यासारखा होईल?"

सगळी आळी ऐकत होती. पंतांनी तोंड उघडलं. 'होईल' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, सगुणाला तो स्पष्ट दिसला. किती मनापासून त्यांना तो म्हणायचा होता! ते खाली बसले आणि त्यांनी मुलीचा गुडघा दोन्ही हातांत धरला.

"मला ठाऊक नाही, बाळ," ते म्हणाले. "डॉक्टरांना ठाऊक असेल. उद्या जाऊन विचारू."

वाचकहो, वाट विचारायला तुम्ही कुणाकडे ना कुणाकडे जाणारच. खुशाल जा. पण 'मला ठाऊक नाही' हे शब्द ज्याच्या तोंडून कधीच निघत नाहीत, त्याच्या ओटीवर चढू नका. तो लबाड असेल तर तुमचा नारळ जाईल. तो प्रामाणिक असेल आणि स्वतःच्या मनाला ओळखत नसेल, तर तुमचं मूल जाईल.